हायड्रोजनचं नाव, कुटाराचा भाव

मेहकर तालुक्यातल्या तमाम शेतकरी बांधवांचं अभिनंदन! तुमच्या धुऱ्यावर इंधनाची खाण निघाली आहे. ती कित्येक वर्षांपासून तिथंच होती, तुम्ही दर दिवाळीला तिला काडी लावत होता, एवढाच काय तो घोळ.

खाण म्हणजे कुटार. सोयाबीनची सुडी मोडून मळणी यंत्र पुढच्या वावरात गेलं की मागे जो ढीग उरतो, तो. वरून करडा, वाऱ्यानं भुरभुरणारा. कोपरापर्यंत हात घातला तर आत दमट आणि ऊन. फोलपटांत अडकलेले चार दाणे टिपायला साळुंक्या उतरतात. एखादा अवकाळी शिपका पडला की दोन-तीन दिवसांत आतून पांढरी बुरशी धरते, मग गायही तोंड लावत नाही. इकडे हरभऱ्याची पेरणी डोक्यावर आलेली. वावर मोकळं पाहिजे, बैल विकून झालेत, ट्रॅक्टरवाला तासाचे पैसे मोजून घेतो, मजूर मिळत नाही. शेवटी दोन रुपयांची काडीपेटी हाच सगळ्यात स्वस्त सालदार ठरतो. संध्याकाळी समृद्धी महामार्गावरून सुसाट जाणाऱ्यांना दोन्ही बाजूंना धुराच्या रेघा दिसतात. 'या लोकांना कधी कळणार?' असं म्हणून ते एसी वाढवतात.

कळायला हवं ते बंगळूरला आहे. तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. एस. दासप्पा यांच्या चमूनं काडीकचऱ्यापासून हायड्रोजन काढायची पद्धत बसवली आणि 2022 मध्ये ती सगळ्यांपुढे आली. काडीकचरा बंद भट्टीत घालायचा, त्यात मोजून ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ सोडायची. काडी जळून राख होत नाही, तिचा वायू होतो. त्या वायूतून हायड्रोजन वेगळा काढायचा. गंमत अशी की एक किलो काडीकचऱ्यात मुळात हायड्रोजन असतो 60 ग्रॅम, आणि भट्टीतून निघतो 100 ग्रॅम. वरचे 40 ग्रॅम वाफेतले, म्हणजे पाण्यातले. मुदलापेक्षा जास्त देणारा हा बहुधा देशातला एकमेव व्यवहार असावा ज्यात पुढे फसवणुकीचा गुन्हा दाखल होत नाही.

आता मेहकरचा हिशेब मांडू. कोरडं कुटार 10 किलो, हायड्रोजन 1 किलो. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी 30 मार्च 2022 रोजी ज्या टोयोटा मिराई गाडीतून संसदेत गेले, तिच्या टाक्यांत 5.6 किलो हायड्रोजन मावतो आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे तेवढ्यात ती साडेसहाशे किलोमीटर धावते. म्हणजे 56 किलो कुटारात मेहकरचा माणूस समृद्धीनं मुंबई गाठेल आणि परतताना नाशकाच्या आसपासपर्यंतही येईल. कुटाराला किलोमागे एक रुपया धरला तरी कच्चा माल 56 रुपयांचा. टोलचे पैसे वेगळे, ते कुटारात घेत नाहीत.

हा हिशेब स्टँडसमोरच्या हॉटेलात सांगितला. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मग कोपऱ्यातून एकच प्रश्न आला, "कुटाराचं समजलं भाऊ. गाडीबी कुटारावरच भेटते का?"

* * *

मेहकरच्या माणसाचा हा खवचटपणा जन्मजात नाही, कमावलेला आहे. त्याला इंधनाची स्वप्नं दाखवणारे पहिल्यांदाच आलेले नाहीत.

आधी मोगली एरंड आला होता. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीनं त्याची शिफारस केली आणि देशभर त्याची रोपं पळायला लागली. जनावर खात नाही, पाणी मागत नाही, बरड जमिनीत येतो, वर डिझेल देतो! झाड पाणी मागत नव्हतं हे अगदी खरं. पाणी दिलं नाही तर बीही देत नव्हतं, हे तेवढं माहितीपत्रकात छापायचं राहिलं. 2009 च्या जैवइंधन धोरणात लिहिलं होतं की 2017 पर्यंत पेट्रोल आणि डिझेल दोन्हींत 20 टक्के जैवइंधन मिसळू. 2017 उजाडलं तेव्हा डिझेलमधलं मिश्रण एक टक्क्यालाही पोचलं नव्हतं. लगेच पुढच्या वर्षी, 27 ऑगस्ट 2018 रोजी, मोगली एरंडाच्या तेलापासून केलेलं इंधन मिसळून डेहराडून ते दिल्ली विमान उडालं. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेनं उत्प्रेरकावर हायड्रोजन देऊन त्या तेलाचं विमानाचं इंधन केलं होतं. काम खरोखर चोख होतं. एरंड आभाळात गेला, लावणारा धुऱ्यावरच राहिला.

मग 'सतत' नावाची योजना आली. 1 ऑक्टोबर 2018. शेणापासून, काडीपासून, शहरातल्या ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारे 5,000 प्रकल्प 2023 पर्यंत उभे करायचे होते. मुदत संपली तेव्हा चालू प्रकल्पांचा आकडा शंभरीलाही टेकला नव्हता. योजनेच्या नावाप्रमाणे सतत चालू राहिल्या त्या फक्त बैठका.

मग औष्णिक वीज केंद्रांत दगडी कोळशाबरोबर काडीकचऱ्याच्या गोळ्या जाळायचा आदेश निघाला, 2021 मध्ये. 19 मे 2023 रोजी पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं पुरवलेलं हरित इंधन मिसळून पुणे-दिल्ली विमान गेलं. मिश्रण एक टक्क्यापर्यंतचं. उरलेलं 99 टक्के नेहमीचंच इंधन, बातमी मात्र शंभर टक्के.

आणि आता हायड्रोजन. 4 जानेवारी 2023 रोजी केंद्रानं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं, खर्च 19,744 कोटी, उद्दिष्ट 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन. त्याच वर्षी आपल्या राज्यानं स्वतःचं धोरण जाहीर केलं, 8,562 कोटींचं. केंद्राच्या पहिल्या फेरीत वर्षाला साडेचार लाख टनांच्या निविदा निघाल्या. त्यातले काडीकचऱ्याच्या वाटेसाठी राखून ठेवलेले किती? 40 हजार टन. बाकीची वाट मोकळी, पण तिथं चलती आहे ती सौर पॅनेल लावून पाणी फोडणाऱ्यांची. पंगतीला बोलावलं, पण पान दाराबाहेर मांडलं.

* * *

दोष शास्त्रज्ञांचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. उलट त्यांनी जे केलंय ते पाहिलं की कुटाराबद्दल आदर वाटायला लागतो.

सगळी भानगड ऑक्सिजनची आहे. काडीच्या वजनातला चाळीसेक टक्के वाटा ऑक्सिजनचा. पेट्रोल-डिझेलमध्ये तो जवळजवळ नसतोच. म्हणजे काडीचं इंधन करायचं तर तिच्यातला ऑक्सिजन उपटून काढायचा आणि तोही कार्बन-हायड्रोजनची नासाडी न करता. हे नाजूक काम उत्प्रेरकाचं.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले जेम्स ड्युमेसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवलं की साखरेच्या वंशातले पदार्थ, म्हणजे सॉर्बिटॉल, ग्लिसरॉल वगैरे, पाण्यात विरघळवून सव्वादोनशे अंशांच्या आसपास, दाबाखाली, प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावरून नेले की सरळ हायड्रोजन सुटतो. वाफ करायची गरज नाही, नऊशे अंशांची भट्टी नको. ग्लिसरॉल म्हणजे वनस्पती तेलापासून बायोडिझेल करताना तळाला उरणारा चिकट द्रव. त्याच्या एका किलोतून, पाण्याची साथ धरून, कागदावर दीडशे ग्रॅमपर्यंत हायड्रोजन निघू शकतो. पुढच्याच वर्षी त्याच मंडळींनी दागिन्यांतल्या प्लॅटिनमऐवजी निकेल आणि कथिलावर भागवलं. कल्हईवाल्याच्या पेटीतला धातू हायड्रोजनच्या कामाला आला.

पण कुटारात साखर सुटी नसते. ती सेल्युलोजच्या साखळ्यांत जखडलेली असते. ती कडी आपल्या माणसानं ढिली केली. डॉ. परेश ढेपे हे आता पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत असतात. 2006 मध्ये जपानच्या होक्काइदो विद्यापीठात अत्सुशी फुकुओका यांच्यासोबत त्यांनी सेल्युलोजचं थेट सॉर्बिटॉल करून दाखवलं: पाणी, 190 अंश, घन उत्प्रेरक आणि हायड्रोजन. पुढे पुण्यात त्यांनी चिपाडासारख्या शेतमालाच्या उरल्यासुरल्या भागापासून फरफ्युरल काढण्यावर काम केलं. फरफ्युरल हा पिवळसर, कडू बदामाच्या वासाचा द्रव. त्यापासून द्रावकं, राळ आणि इंधनही होतं. ओटच्या टरफलांपासून तो कारखान्यात काढायला अमेरिकेतल्या क्वेकर ओट्स कंपनीनं 1920 च्या दशकाच्या सुरुवातीलाच आरंभ केला होता. शंभर वर्षं झाली. आपण मात्र फोलपटाला अजून 'त्यात काय असतंय' म्हणतो.

चाणाक्ष वाचकाच्या एक गोष्ट ध्यानात आली असेल. कुटाराचं सॉर्बिटॉल करायला हायड्रोजन लागतो. आणि सॉर्बिटॉल कशाला करायचं? तर हायड्रोजन काढायला! दुसरी वाट घ्या. काडी हवेविना पाचशे अंशांना झटकन तापवली तर काळपट तेल निघतं. ते आंबट, पाणचट, पेट्रोलमध्ये न मिसळणारं. त्याला सुधारायचं तर पुन्हा हायड्रोजन पाहिजे. सोसायटीचं कर्ज भरायला सावकाराकडून घ्यावं आणि सावकाराला द्यायला सोसायटीत जावं, त्यातलाच हा प्रकार. हिशेब शेवटी जमतो, नाही असं नाही. पण मधल्या प्रत्येक हाताला काहीतरी सांडतं.

आणि उत्प्रेरक. दहावीच्या पुस्तकात लिहिलंय की तो क्रियेत भाग घेतो, पण स्वतः संपत नाही. पुस्तक लिहिणाऱ्यानं कुटार पाहिलं नसावं. प्रयोगशाळेत बोटाएवढ्या जाडीची पोलादी नळी असते, तिच्यात चिमटीभर काळी भुकटी, आणि वरून येतं ते बाटलीतलं शुद्ध ग्लिसरॉल. तिथं भुकटी गुणी बाळासारखी वागते. मेहकरच्या शिवारातून कुटार निघतं तेव्हा त्यात काळी माती असते, गोटे असतात, सुतळीचे तुकडे असतात, मळणीवाल्यानं टाकलेली गुटख्याची पुडी असते. खुद्द काडीच्या राखेत पोटॅश आणि सिलिका. पोटॅश उत्प्रेरकाच्या अंगाला बसतं, काजळी त्याची बारीक छिद्रं बुजवते, उष्णतेनं धातूचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि काम करायची जागाच कमी होते. उत्प्रेरक संपत नाही, तो आंधळा होतो. मग तो भाजून काढा, धुवा, नाहीतर बदला. पैसा गाळात जातो तो इथंच.

याची सगळ्यात महागडी शिकवणी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यानं लावली. दिल्लीच्या आयआयटीत शिकलेले गुंतवणूकदार विनोद खोसला यांच्या पाठबळावर 'कायोर' नावाची कंपनी उभी राहिली. लाकडाचा भुसा उत्प्रेरकाबरोबर तापवून त्याचं पेट्रोल-डिझेल करायचं. राज्यानं साडेसात कोटी डॉलरचं बिनव्याजी कर्ज दिलं. कोलंबस गावात दिवसाला 500 टन लाकूड खाणारा कारखाना बांधला. कागदावर टनामागे जेवढं इंधन निघणार होतं, तेवढं कारखान्यात निघेना. 2014 च्या नोव्हेंबरात कंपनीनं दिवाळं काढलं. बिनव्याजी कर्ज बुडवायची कला आपल्याकडेच आहे असं समजणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

* * *

उत्प्रेरकावाचूनही एक वाट आहे आणि तिचा आपल्या भागाशी जुना घरोबा निघतो. जून 2020 मध्ये शेजारच्या लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. टीव्हीवाल्यांनी चमत्कार जाहीर केला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून सांगितलं, चमत्कार नाही, खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव आहेत. त्याच संस्थेनं, डॉ. प्रशांत ढाकेफळकर संचालक असताना, 2021 मध्ये सेंटिएंट लॅब्ज या कंपनीबरोबर काडीकचऱ्यापासून थेट हायड्रोजन देणारी पद्धत पुढे आणली. तिथं प्लॅटिनम नाही, नऊशे अंश नाहीत. सूक्ष्मजीवांची निवडक फौज सेल्युलोज कुजवते, आधी हायड्रोजन सोडते, मग मिथेन. आम्ही लोणारकडे फक्त सेल्फी काढायला जात होतो, तेव्हा पुण्याच्या माणसाला तिथं कामाचं काही दिसत होतं.

पुण्याच्या मंडळींना एवढीच विनंती की सरोवराचं पाणी नेलंत तसं एखादा ट्रॅक्टर कुटारही न्या. रस्ता तोच आहे.

आणि तालुका हा या धंद्याचा नैसर्गिक आकार आहे हेही कुणी आज पहिल्यांदाच सांगत नाहीये. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेतले डॉ. अनिल राजवंशी हे 1981 मध्ये अमेरिका सोडून फलटणला आले. अमेरिकेत त्यांनी पीएचडी केली होती सूर्याच्या उष्णतेपासून हायड्रोजन काढण्यावर! फलटणला आल्यावर त्यांनी उसाचं पाचट आणि चिपाड यांचा वायू करणारी भट्टी 1990 च्या दशकात चालवून दाखवली. आणि सांगत राहिले की शेतात उरणाऱ्या काडीकचऱ्यावर अख्खा तालुका आपली ऊर्जा आपण भागवू शकतो, योजना तालुक्याच्या मापानं आखा. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माणसाला पदक मिळालं, कल्पनेला अजून तालुका मिळायचाय.

तालुकाच का, तर कुटार हलकं आहे म्हणून. मोकळ्या कुटाराचं एक घनमीटर शंभर किलोही भरत नाही. ट्रॉली डोळ्यांना भरगच्च दिसते, काट्यावर घातली की लाज वाटते. असली ट्रॉली दोनशे किलोमीटर नेली तर जेवढं इंधन तिच्यातून निघेल त्यातलं बरंचसं तिला न्यायलाच जाळावं लागेल. म्हणून आधी गठ्ठे दाबायला यंत्र पाहिजे, ठेवायला छप्पर पाहिजे आणि कारखाना हाकेच्या अंतरावर पाहिजे. आपल्याकडे एक सोयही आहे. भाताचा पेंढा कापणी यंत्र वावरभर सांडत जातं, तो पुन्हा गोळा करावा लागतो. मळणी यंत्रातून निघालेलं सोयाबीनचं कुटार मात्र एका जागी ढीग होऊन पडतं. गोळा करायचं निम्मं काम आधीच झालेलं. हार्वेस्टरनं सगळं पसरवून टाकायच्या आत हे कुणाच्या तरी ध्यानात यायला हवं.

हरियाणात आलं. पानिपतला इंडियन ऑइलनं 900 कोटींच्या वर खर्चून कारखाना उभारला, 10 ऑगस्ट 2022 रोजी त्याचं उद्घाटन झालं. वर्षाला दोन लाख टन पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल काढायचं त्याचं माप. आणि पराळी न जाळणाऱ्या शेतकऱ्याला हरियाणा सरकार एकरामागे पैसे देतं. आम्हाला का नाही? कारण सोपं आहे. हरियाणातला धूर दिल्लीत खासदारांच्या नाकात जातो. मेहकरचा धूर फार तर चिखलीपर्यंत जातो. धोरण बदलायला वाराही योग्य दिशेचा लागतो.

* * *

आता मुद्द्याचं. हायड्रोजन म्हटलं की सगळे गाडीकडे बघतात. गाडी राहू द्या, पोत्याकडे बघू.

देशात आज जो हायड्रोजन तयार होतो, तो प्रामुख्यानं दोन ठिकाणी जातो: तेलशुद्धीकरण कारखाने आणि खत कारखाने. तो काढला जातो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून आणि त्या वायूतला मोठा हिस्सा आपण परदेशातून आणतो. युरियाच्या पोत्यात 45 किलो युरिया असतो. तेवढा युरिया करायला जो अमोनिया लागतो त्यात किती हायड्रोजन जातो? रसायनशास्त्राच्या साध्या हिशेबानं साडेचार किलो. आणि बंगळूरच्या पद्धतीनं साडेचार किलो हायड्रोजन काढायला काडीकचरा किती लागेल? 45 किलो.

पंचेचाळीस किलो कुटार, पंचेचाळीस किलो युरिया. वजनाला वजन! युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो, तो त्याच कुटारातून निघतो आणि उरतोही. अर्थात हा फक्त हायड्रोजनचा हिशेब. दाब, उष्णता, वीज, यंत्रं, पगार हे सगळं वेगळं. आणि युरियाचे कारखाने असतात अलिबागजवळच्या थळसारखे अगडबंब. छोट्या मापात अमोनिया महाग पडतो. हे सगळं कबूल. पण जो माणूस जून महिन्यात कृषी केंद्रापुढे आधार कार्ड घेऊन रांगेत उभा राहतो, युरियाच्या एका पोत्याबरोबर नको असलेली दोन डबडी 'लिंकिंग'मध्ये घरी आणतो, तोच माणूस ऑक्टोबरात तेवढ्याच वजनाचा कच्चा माल वावरात जाळतो, हे चित्र कुणाला तरी खटकायला नको? 266 रुपयांना मिळणारं ते पोतं सरकारला दोन हजारांच्या वर पडतं, असं सरकारच सांगतं. मधला फरक अनुदान. म्हणजे आपण परदेशी वायूला अनुदान देतो आणि देशी कुटाराला काडी.

मंत्र्यांच्या गाडीपेक्षा हे पोतं मला जास्त हरित वाटतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे आणि तो कुठल्याही अहवालाआधी गोठ्यातून येतो. "सारं कुटार कारखान्याले देल्यावर गुरायनं का खावं, हायड्रोजन?" अगदी बरोबर. तुरीचं आणि हरभऱ्याचं कुटार जनावरं आवडीनं खातात, त्याला हात लावायचा नाही. तुराट्यांचे खराटे होतात, कूड होतात, चूल पेटते. जमिनीचाही वाटा आहे. आपल्या काळ्या रानातला सेंद्रिय कर्ब उतरत चाललाय. सगळी काडी उचलून नेली तर दोन वर्षांनी तेच सरकार सेंद्रिय कर्बासाठी नवी योजना आणेल आणि तिचंही उद्घाटन करेल. म्हणून क्रम असा: आधी गुरं, मग जमीन, मग चूल, आणि जे खरंच जळणार होतं तेवढंच कारखान्याला. पऱ्हाटी मात्र पहिल्या फेरीतच जाऊ द्या. गुलाबी बोंडअळीचा मुक्काम मोडायचा तर ती शेतातून काढा, असं कृषी खातं दरवर्षी कानीकपाळी ओरडतं आणि शेतकरी ती धुऱ्यावर रचून ठेवतो. भाव मिळाला तर खात्याचं ओरडणंही वाचेल.

भाव. सगळं घोडं इथंच पेंड खातं. कुटार शेतकऱ्याकडे आहे तोवर त्याला कुणी विचारत नाही. कारखान्याच्या फाटकात गेलं की तेच 'कच्चा माल' होतं, त्याला दर येतो, ओलाव्याची कपात येते, आडत येते, आणि मधे एक माणूस येतो ज्याच्याकडे ना वावर असतं ना कारखाना, पण पांढरी चारचाकी असते. उत्प्रेरक आंधळा होतो, यांची दृष्टी वर्षागणिक सुधारते.

तेव्हा हायड्रोजनवाल्यांनो, तुमचं स्वागत आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा याच देशात सर्व्हिस मोटारींच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बांधून, त्यातून निघणाऱ्या वायूवर गाड्या चालल्या. त्या वायूतही हायड्रोजन होताच. एसटी सुरू झाली 1 जून 1948 ला, म्हणजे काडी-कोळशावर चालणारी गाडी आम्हाला एसटीच्याही आधीपासून ठाऊक आहे. आम्हाला तंत्रज्ञानाचं कौतुक सांगू नका, दर सांगा.

आणि मेहकरकरांनो, निवडणूक कुठली ना कुठली येतच असते. पुढच्या सभेत कुणी हायड्रोजनचा ह उच्चारला की टाळ्या वाजवायच्या आधी तीनच गोष्टी विचारा. काटा कुठे बसणार? कोरड्या कुटाराला क्विंटलमागे किती? आणि पैसे किती दिवसांत? तिन्हींची उत्तरं लेखी मिळाली तर यंदा काडीपेटी घरीच ठेवा. नाही मिळाली तर सभा संपल्यावर कुटार झाकायला ताडपत्री घ्या आणि हरभरा वेळेवर पेरा.